धुतलेले पाय

प्रतापनगरच्या बसथांब्यावर चर्च झाडणारी एस्तरमावशी आणि तिची शेजारीण बोलत होत्या.

"काल पाळकसाहेबाईनं बारा जणाईचे पाय धुतले म्हणे, मावशी?"

"धुतले ना वं, येशूनं शिष्याईचे धुतले तसेच. फक्त घरून साबणानं धुऊन या म्हणे."

"तुमचं नाव होतं ना?"

"होतं. पण माह्या भेगा व्हिडिओत वाईट दिसतात म्हणून मले उठवलं अन् डॉक्टरीणबाईले बसवलं."

"अन् तुमी काहीच नाही बोलल्या?"

"देवानं आपल्याले नम्र सेवेसाठी बोलावलं, असं सांगून राहिले होते साहेब. मधात कशी बोलू?"

"मंग निघून काहून नाही आल्या?"

"कशी येऊ? फरशीवर सगळं पाणी सांडलं होतं. साहेबाचाच पाय घसरला असता. खाली बसली अन् पुसून काढलं."