साळवींचं अक्षर का बिघडलं

समारंभाचे अध्यक्ष माननीय उपअभियंता साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, बिरवाडी-पोलादपूरहून आवर्जून आलेली मंडळी आणि माझ्या कचेरीतल्या बंधुभगिनींनो,

आपले आरेखक मालोजी साळवी आज सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्या कामाविषयी साहेब बोललेच. मी हेडक्लार्क, माझ्याकडे फक्त एक जुनं कुतूहल आहे. ते आपल्यापुढे मांडतो, ज्या दोघांविषयी ते आहे त्यांची परवानगी काढूनच.

शहात्तर साली चंद्रभागाबाई तांबे आपल्याकडे टायपिस्ट म्हणून आल्या. पती वारलेले, पदरी एक मुलगी. पस्तिशीत टायपिंग शिकून परीक्षा दिलेली. रोज तुडीलहून येत. साळवी तेव्हा विधुर, बिरवाडीत खोली घेऊन राहणारे, अतिशय अबोल. अक्षर मात्र असं, की त्यांनी लिहिलेलं टिपण टाईप करायची गरजच काय, असं मला वाटे.

वर्षभरात ते अक्षर बिघडलं. बाई दिवसातून चारदा कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी. "हे 'मोरी' आहे की 'मोठी'?" मी लेखी खुलासा मागवला. उत्तर आलं, 'नजर मंदावली आहे.' आता अशा वेळी वरिष्ठाने काय करावं? मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गृहस्थांनी तक्त्यातली तळाची ओळसुद्धा खडाखडा वाचली.

मग मी बाईंना विचारलं, "तुम्हाला हे अक्षर लावताना फार त्रास होतो का?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "भाऊसाहेब, मला सगळं वाचता येतं. पहिल्यापासून."

आठ दिवसांनी त्यांचा पोलादपूरला बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "दीर म्हणतात, दुसरं लग्न केलंस तर पोरगी आमच्याकडे राहील. त्यापेक्षा मी इथून लांब गेलेली बरी."

अर्ज मी पुढे पाठवला नाही. हे नियमात बसत नव्हतं, अध्यक्ष महाराज, आज कबूल करतो. साळवींना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "रविवारी तुडीलला येता माझ्याबरोबर?"

माझं तिथे काय काम होतं? खरं सांगायचं तर काहीच नव्हतं. पण न जाऊन चैनही पडलं नसतं.

अंगणात बाईंच्या सासूबाई, जानकीबाई, तांदूळ निवडत होत्या. दीर दारात उभे. साळवी उभ्यानेच म्हणाले, "मला चंद्रभागाबाईंशी लग्न करायचंय. मुलगी आईजवळच राहील. नाव तिच्या बापाचंच लावेल. तुमचा होकार नसेल तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

दीर काही बोलणार, तोच म्हातारीने हात वर केला. "तुला सयपाक येतो काय रे?"

"भात येतो. आमटी बिघडते."

"हिला नोकरी सोडाय लावशील?"

"नाही."

जानकीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. धाकट्या लेकाकडे बघून म्हणाल्या, "माझा पोर गेला, त्यात हिचा काय दोष हाय? पोरगी आयशीजवळच ऱ्हाईल. आता बोलायचं नाय कोणी." मग सुनेला हाक मारली, "गो चंद्रभागे, पाव्हण्यांना च्या टाक."

पुढच्याच महिन्यात बिरवाडीच्या विहारात लग्न झालं. जानकीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुलगी सुनीती आज पनवेलला शिक्षिका आहे. ती बघा, तिथे बसली आहे.

एवढी वर्षं चंद्रभागाबाई कुठल्याच समारंभात बोलल्या नाहीत. आज सकाळी मात्र त्यांनी अध्यक्षांकडे स्वतःहून पाच मिनिटं मागून घेतली. काय बोलणार, ते साळवींनाही ठाऊक नाही. तेव्हा मी अधिक अडवत नाही. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाच्या घरातली गोष्ट जास्त उघडी झाली असेल, तर आपलेपणाने पोटात घाला.

बाई, या.