चार दारं

"काका, मी विचारतोय फटाक्यात हिरवा रंग कसा आणायचा, आणि तुम्ही माझ्या खोलीची दारं काय मोजताय?"

डोळ्यांच्या दवाखान्यात टॅक्सीवाला थेंब घालून डोळे मिटून बसला होता. शेजारी एक तरणा आवाज तापला होता. दुसरा, म्हातारा, घोगरा, काही केल्या तापत नव्हता.

"किती दारं, ते सांग."

"एकच."

"आमच्या फटाक्यांच्या कारखान्यात एका खोलीत एकच कारागीर बसायचा. आणि दारं चार."

"एकट्याला चार कशाला?"

"पळायला. जवळ असेल त्यातून."

"अहो, पण मी हौस म्हणून करतोय! तुमचं बोलणंच मला कळेना."

"हौस आहे की पोट, ते फटाक्याच्या दारूला कळत नाही. आत्ता कुठे ठेवलीयस?"

"खोलीतच. कागदावर वाळत घातलीय."

"घरी कोण आहे?"

"आई. इस्त्री करत असेल."

"इस्त्री कुठे करते?"

तरण्याची खुर्ची करकरली. टॅक्सीवाल्याने मिटल्या डोळ्यांनीच मान तिकडे वळवली.

"कुठे करते रे?" म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं.

"थांबा, फोन लावतो... उचलत नाहीये. काका, रांगेतला माझा नंबर तुम्हीच घ्या. मला आता निघायला हवं."