आंडेरच्या नावाची मूठ

माझं गाव गिरणेच्या काठचं, पाचोऱ्याहून चाळीसगावकडं जाताना मध्येच फाट्यावर उतरून आत चालत जावं लागतं, एसटी सकाळी येते ती संध्याकाळपर्यंत परत तोंड दाखवत नाही. गावाचं नाव लिहू नका, काही बिघडत नाही त्यानं. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेत मराठी, आणि आता निवेदनं लिहून लिहून माझी बोलीच निवेदनासारखी झाली आहे, सदर विषयाचा गांभीर्याने विचार व्हावा वगैरे, तसलं काही तोंडातून निघालं तर तुम्ही काढून टाका. मी खो-खो खेळायचे आणि आता खो-खो शिकवते, चाळीसगावात एका शाळेत, तासिका तत्त्वावर. पण काय सांगू तुम्हाला, माझ्या खेळाची गोष्ट मैदानावर सुरूच होत नाही, ती कानबाईच्या गव्हापासून सुरू होते.

श्रावणात आमच्याकडं घरोघर कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, त्यांना रोट म्हणतात, आणि त्या रोटांचे गहू घ्यायचे ते मुठीनं, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आजोबांची, बापाची, पाळण्यातल्या पोराची सुद्धा. बाईची नाही, पोरीची नाही. दळणार बाया, थापणार बाया, चुलीपुढं भाजून निघणार बाया, आणि मुठी पुरुषांच्या. आणि हे रोट खायचे भाऊबंदांनीच, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, उरवायचे तर नाहीतच. मी लहान असताना विचारलं होतं, मना नावनी मूठ कोठे शे? काकू म्हणाली, तू सासरले जाशी, तुनी कसानी मूठ? मला तेव्हा राग आला असं नाही, लहानपणी माणसाला राग कुठं येतो, नवल वाटतं. राग नंतर आला, तो अजून गेलेला नाही.

मी शिकले तीही हीच चाळीसगावची शाळा, सकाळच्या एसटीनं जायचे, तिथं आम्हाला बोरसे सर होते, खेळाचे. सरांनी मैदानात सागाचे दोन खांब पुरले होते, नदीतून गाळ आणून, पाणी मारून मैदान लोण्यासारखं केलं होतं, सूर मारला तरी पोरीचा गुडघा फुटायचा नाही. सर म्हणायचे, खो-खोत पळणं कोणीही शिकतं, बसणं शिका. पाठीवर हात पडेपर्यंत, खो मिळेपर्यंत उठायचं नाही, आणि पडला की विचार करायचा नाही. मी बसायला शिकले. एवढी चांगली शिकले की आज इतकी वर्षं बसूनच आहे, पाठीवर कोणाचा हात काही पडत नाही.

तर ज्या वर्षी माझी जिल्ह्याच्या संघात निवड झाली, त्या श्रावणात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या भाऊबंदांसमोर मुठी घेतल्या. आपली घेतली, माझ्या भावाची घेतली, आणि परत पायलीत हात घातला. मोठे काका, आम्ही नाना म्हणायचो, ते म्हणाले, आते कोनी? आबा म्हणाले, मनी आंडेरनी. आंडेर म्हणजे मुलगी. नाना म्हणाले, भिका, तू येडा व्हयना का, आंडेरनी मूठ कोनी लेतस का? आबा शांत माणूस, आयुष्यात आवाज चढवला नाही, त्या दिवशीही नाही चढवला, म्हणाले, ती जिल्हाना नाव काढस, तिनी मूठ मी लिसू, आणि घेतली सव्वा मूठ.

नाना उठले, त्यांच्या मागं बठ्ठी, म्हणजे सगळी, भाऊबंदकी उठली. कोणी रोट खायला आलं नाही. आता बाहेरच्याला देता येत नाही आणि उरवता येत नाही, मग आम्ही चौघांनीच ते संपवले. ऊठ की रोट, बस की रोट. आई म्हणायची, खा व माय, तूच खा, तुनाच नावना शेतस. भाऊ रडकुंडीला आला. सकाळी सरावाला गेले तर बोरसे सर म्हणाले, काय गं, आज पळते आहेस की लोळते आहेस? मी सगळं सांगितलं. सर खांबाला धरून एवढे हसले, आणि मग खांब सोडून सरळ उभे राहिले. म्हणाले, तुझा बाप मोठा माणूस आहे, आता तू खेळाची मास्तरीण हो, माझ्या जागेवर तूच ये.

असं मला कोणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

मग धुळ्याला गेले, कॉलेज केलं, बी.पी.एड. केलं. लेझीम, योगासनं, शरीरशास्त्र, मैदानाची मापं, सगळं पाठ. सुट्टीत गावी आले की आबा फाट्यावर उभे असायचे, माझी बॅग स्वतः उचलायचे आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे, मास्तरीन व्हई राहिनी मनी आंडेर. अजून व्हायची होते, पण त्यांनी केव्हाच करून टाकली होती.

बोरसे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी मी गेले, पण जागा मला मिळाली नाही. हे नीट लिहा. माणूस जातो, काम राहतं, जागा मात्र वर कुठंतरी अडकून बसते. मला तासिकेवर घेतलं. हेडसर म्हणाले, मॅडम, यंदा पोरी राज्याला गेल्या की तुमचा प्रस्ताव पाठवतो. पोरी राज्याला गेल्या. म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षीही गेल्या. गणिताचा भाग राहिला की खेळाचा तास गणिताला, विज्ञानाचा राहिला की विज्ञानाला, आणि पंधरा ऑगस्टची परेड मात्र माझ्याकडून झकास पाहिजे. चेअरमनच्या घरचं लग्न मैदानावर झालं तर मांडवाला आडवे येतात म्हणून सरांचे खांब उपटले. पोरींनी आणि मी ते परत पुरले. मी तक्रार केली तर स्टाफरूममध्ये एक जण म्हणाले, मॅडम, शिट्टी वाजवायला एवढी डिग्री लागते होय? सगळे हसले. शाळेला ढाली कोणी आणून दिल्या, विचारा त्यांना. कपाट भरलं आहे, काच पुसायलाही मलाच सांगतात.

आम्ही गप्प बसलो असं नाही. धुळ्याची, जळगावची, आमच्यासारखी सगळी पोरं-पोरी जळगावला शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीपुढं धरण्याला बसलो, पत्रकं मी लिहिली. खेळाडू घडवा म्हणता, घडवणाऱ्याला रोजंदारीवर ठेवता, लाज कशी वाटत नाही, असं लिहिलं होतं, अजूनही तसंच लिहीन. साहेब बाहेर आले, म्हणाले, तुमच्या भावना वर कळवतो. आमच्यातला एक कबड्डीवाला म्हणाला, साहेब, वर म्हणजे कुठं, स्वर्गात का? साहेब सुद्धा हसले. हसले आणि आत गेले. मांडव उठला, आम्ही आपापल्या गाडीनं घरी आलो.

आबा दर खेपेला एकच विचारायचे, कायम व्हयनी का तू? मी म्हणायचे, व्हई जासू आबा. आणि दर श्रावणात माझी मूठ घ्यायचे. लोकांनी नंतर नावं ठेवणं सोडलं, नाना सुद्धा येऊन रोट खाऊ लागले, आबा असेपर्यंत ती मूठ चुकली नाही. गेल्या वर्षी आबा गेले. जाताना सुद्धा तेच विचारत होते. मी तेव्हाही तेच उत्तर दिलं.

आता जे झालं ते सांगते. माझ्या संघात निलोफर नावाची मुलगी आहे, बारावी झाली. तिचे वडील यासीनभाई गाद्या भरतात. मी पाहिलेल्या पोरींमध्ये असा सूर मारणारी दुसरी नाही, हवेतच वळते पोरगी. तिनं घरी हट्ट धरला, मला मॅडमसारखं धुळ्याला जायचं, बी.पी.एड. करायचं. यासीनभाई दुकान बंद करून शाळेत आले, दाढीला कापूस तसाच लागलेला. म्हणाले, मॅडम, बिरादरीत लोक बोलतात, पोरीला चड्डीवर खेळवतो म्हणून, मी कोणाचं ऐकलं नाही, पण आता तुम बोलो. तुम बोलोगे भेजो, तो भेजूंगा.

निलोफर दारात उभी होती. तिच्या मागं मैदान दिसत होतं.

माझ्यासमोर आबाच उभे होते हो. तोच माणूस, सगळ्यांच्या विरोधात पोरीची मूठ घेणारा. आणि मला त्याला सांगायचं होतं की ह्या मुठीचं पुढं काय होतं. खोटं सांगून पाठवता आलं असतं. बोरसे सरांनी मला पाठवलंच ना, चांगल्या मनानं पाठवलं. मी म्हटलं, यासीनभाई, नका पाठवू. नर्सिंगला घाला, तिथं निदान नोकरी लागते. ते म्हणाले, आप ही ऐसा बोलते तो फिर… आणि उठले. निलोफर बापाच्या मागं निघून गेली. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून सरावाला आली नाही. आता तिच्या जागी दुसरी बसते, चांगली आहे पोरगी, पण सूर मारत नाही.

लोक म्हणतात, शिक्षिकेनं असं कसं सांगितलं. मी विचारते, मला शिक्षिका म्हणता तर ठेवता का शिक्षिकेसारखं?

परवा कानबाईला गावी गेले होते. आता मुठी भाऊ घेतो. आबांची जागा रिकामी, आपली घेतली, माझी घेतली, मी अडवलं नाही. त्याची मुलगी अजून बालवाडीत आहे, पायलीत हात घालून गहू उडवत होती, घरभर पळत होती, कोणाच्या हाताला लागत नव्हती, तिच्या पळण्याकडं आबांचं लक्ष गेलं असतं. भावानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, ताई, हिनीबी लिऊ का?

बठ्ठे माझ्याकडंच बघायला लागले. मी म्हटलं, ले भाऊ, सव्वा मूठ ले, कमी नको लेऊ. पन तिले मैदान नको दखाडू.

त्यानं मूठ घेतली. कानबाई माय तिचं भलं करो, निलोफरचंही करो, जिथं जाईल तिथं. उद्या सकाळी सहाला माझा सराव आहे, मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेषा आखायच्या आहेत, मी निघते.