दारात उभी राहिलेली जीप

माझा जलमच मेंढरामागं चालता चालता झाला. आज ह्या रानात बसायचं, उद्या त्या, बा फुडं गेलेला, आई मागं राहिलेली, तवाच मनात धरलं हुतं की नवरा घरी राहणारा पायजे. तर काय सांगू तुम्हाला, वरवंडला दिली ती डायवरला! आमच्या मालकांची, म्हंजी नवऱ्याचीच, जुनी जीप हुती, दौंडला जाणारी शिटं, माणसं, भरायचे. तांबडं फुटायच्या आत जायचे, यायचे तवा माझा डोळा लागलेला. सकाळी रिकामं ताट दिसायचं, तीच वळख की नवरा येऊन गेला.

एक डाव जीप बंद पडली. इंजिनाच्या फुडं क्रँकच्या दांड्यावर पुली असती बघा, पट्टा फिरवती ती, ती फुटली. यवतचा फिटर म्हणला आठवडाभर ठेवून जावा, मालक म्हणले ठेवतोय कशाला, घरीच बसवतो. दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली आन् लिंबाखाली उभी केली. मला तर सणच! रेडिएटर काढला, फुटकी पुली काढली, मी चहा देती, पाना देती, फडकं देती, हे बोलत्यात, मी बोलती, लग्नापसनं एवढं बोललोच न्हवतो.

नवी पुली आली तशी मी आधी उंबऱ्यावर ठेवून घेतली. देवाचा भंडारा लावल्याबिगर नवी वस्तू आमच्यात वापरत न्हाईत. तेलात कालवून सगळ्या पुलीला लावला, आतल्या भोकालासुदीक. मग हे बसवायला गेले तर पुली आत जाईचना. क्रँकवर लोखंडाची बारकी चावी असती, ती पुलीच्या खाचेत बसावी लागती, आन् खाच माझ्या भंडाऱ्यानं भरलेली! मी म्हणलं, हाना की हातोडा. म्हणले येडी का काय, तडा जाईल. बसले काडीनं कोरत, पिवळी बोटं माझ्याफुडं धरली आन् म्हणले, तुझ्या देवालाबी मी घरीच पायजे असं दिसतंय. मी म्हणलं, देवाला कशाला, मलाच पायजे. पयल्यांदाच तोंडातनं गेलं. खाच कवाच साफ झाली हुती, तरी हे कोरतच बसले.

शेवटी पुली बसली, बोल्ट आवळायचा तर त्याच्यासंगं क्रँकच फिरायला लागला. मला शीटवर बसवलं, गेर टाकला, म्हणले ब्रेक दाबून धर, क्लचला पाय लावू नको, म्हंजी क्रँक जागचा हलायचा न्हाई. अंगातला सगळा जोर लावून दाबला. म्हंजी बघा, त्यांना घालवायला माझाच पाय लागला. गाडी चालू झाली, पट्टा सरळ फिरला, आळीतली माणसं हसली, आन् माझ्या डोळ्याला धार. त्याच सांच्याला दौंडला गेले.

आता जीप न्हाई. कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीचा ट्रक हाय, लई लांब जात्यात. फोन येतो, जेवलीस का, जेवले, बास. आठवण लई येती हो, खोटं कशाला बोलू. डायवरांच्या बाया दिवा लावताना म्हणत्यात, देवा, मालकाची गाडी कुठं बंद पडू देऊ नको. मीबी म्हणती. फकस्त फुडं एवढं म्हणती, आन् पडायचीच असंल एखाद्या डावाला, तर आमच्या दारात पडू दे.