धुडकूभाऊचं तारेवरचं ‘नाही’

...आणि वरून म्हणतात काय, “देखावा बघा!” अहो, कसला देखावा? तुम्हाला सांगतो, लागोपाठ दोन पाळ्या उभ्यानं काढलेल्या माणसाला डोळ्यांपुढं एकच देखावा दिसतो, उशीचा! पण सांगणार कुणाला? धुडकूभाऊ बिचारा डोंगराच्या पायथ्याशी, रोपवेच्या रांगेत, एका हातात नारळाची पिशवी, दुसऱ्या हातात बायकोची चप्पल... चप्पल का, ते मला विचारू नका, त्यानंही विचारलं नव्हतं, बायकोनं हातात दिली आणि त्यानं धरली... असा उभ्या उभ्या झुलत होता, आणि पुढचा सरकला की मागचा ढोसायचा, “चालो काका, आगळ वधो!” की हा दोन पावलं सरकायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा. माणसाला काय हवं होतं हो? नुसती झोप!

हा धुडकूभाऊ म्हणजे आपला सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंगमधला, कापड रंगवायच्या मशीनवरचा. मूळचा पारोळ्याकडचा. नखं पाहिली की कळायचं आज कारखान्यात काय चाललंय, कधी राणी, कधी मोरपंखी, दिवाळीच्या आधी तर दहा बोटांना दहा रंग! आणि स्वभाव? एका शब्दात सांगतो, ‘हो’. शेठ म्हणाला, “धुडकू, बदलीवाला आव्यो नथी, आणखी एक पाळी खेचतोस?” हो! चाळीतले म्हणाले, “भाऊ, मंडपात राखणीला बसता का?” हो! कारण त्याचं एक शास्त्र होतं. तो म्हणायचा, “‘नाही’ म्हटलं की समोरचा ‘का’ विचारतो. ‘का’ आला की बोलावं लागतं. ‘हो’ म्हटलं की माणूस सुटतो, घरी जातो, पडतो.” आता बोला! पण त्या ‘हो’पायीच तर घरी जाऊन पडायचं राहून जायचं ना! हे मात्र त्याच्या ध्यानात कधी आलं नाही. विचार करायलासुद्धा माणूस जागा लागतो.

बरं, त्या दिवशी सुट्टी होती. सुट्टी! पण नेमकी पोरीची सोयरीक निघाली. पोरगी सुषमा, हुशार, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा योगेंद्र, हजिऱ्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन, शांत, इतका शांत की पहिल्या भेटीत धुडकूभाऊला वाटलं हा आपल्यासारखाच झोपलाय. आणि मुलाची आई मंगलाबाई. उधन्याच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलाला एकटीनं वाढवलेलं, आवाज असा की लूमच्या खडखडाटात उभी राहून बोलली तरी ऐकू यावा! या मंगलाबाईंनी साडीच्या दुकानाच्या कॅलेंडरवर रोपवेचा फोटो पाहिला होता. हिरवागार डोंगर, मधून तार, तारेवर लाल डबा. झालं! “धुडकूभाऊ, घरात बसून कुठं सोयरीक होते? देवीच्या पायाशी सुपारी ठेवू. पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत, पण आता उडनखटोला आहे ना! देखावाही होईल, देवीही होईल.”

धुडकूभाऊ म्हणाला, “हो.”

डोंगराचं नाव मी घेत नाही, देवीशी माझं काही भांडण नाही. सुरतेहून लांब आहे एवढं धरून चाला. मॅटाडोर केली. आता माणसाला वाटेल, चला, गाडीत तरी डोळा लागेल! तर मंगलाबाई म्हणाल्या, “धुडकूभाऊ, तुम्ही पुढं बसा, ड्रायव्हरशी बोलत राहा, त्याला डुलकी यायला नको!” म्हणजे बघा! ज्याला झोप नाही त्याच्यावर दुसऱ्याला जागं ठेवायची ड्यूटी! आणि तो ड्रायव्हर नुकत्याच उतरवलेल्या चहासारखा ताजा. त्यानं आपल्या मेव्हण्याच्या कोर्टकचेरीची कथा उधन्याला सुरू केली ती डोंगर आला तरी निकाल लागेना! धुडकूभाऊची मान पुढं पडायची, ड्रायव्हरला वाटायचं माणसाला पटतंय, की तो आणखी खुलायचा. काय हवं होतं हो त्याला? नुसती झोप!

तर अशी ती वरात एकदाची डब्यात बसली. डबा म्हणजे काय, काचेचं कपाटच म्हणा. एका बाकावर मंगलाबाई आणि योगेंद्र, मंगलाबाईंना जागा जास्त हवी म्हणून तो कोपऱ्यात घडी घातल्यासारखा. समोर सरलाबाई, धुडकूभाऊची बायको, म्हणजे आमची वहिनी, मधे सुषमा, आणि दाराशी धुडकूभाऊ. रोपवेच्या माणसानं बाहेरून कडी घातली आणि डबा निघाला... सुर्र्र... पायाखालची जमीन गेली की हो! पायऱ्यांवरची माणसं मुंग्या झाली, झाडं कोथिंबिरीच्या जुड्या झाली, लांबवर एक तळं आरशाच्या तुकड्यासारखं चमकायला लागलं. सरलावहिनीनं तोंडात पदर कोंबला, “वं माय, देखा ना, कसं भारी दिखस!” मंगलाबाईंनी तर वर्णनच लावलं, “ते बघा! ते तळं बघा! धुडकूभाऊ, बघताय ना?” आणि धुडकूभाऊची पापणी खाली आली की समोरून त्यांचा पाय याच्या नडगीवर, टक्! “बघताय ना?” “हो, हो, बघतोय.” टक्! “तो कडा बघा!” “हो.” लहान मुलाला औषध पाजावं तसा देखावा पाजत होत्या हो!

आणि अर्ध्या वाटेवर, खाली दरी, वर तार, मधे हे पाच जण... धाडकन थांबला!

डबा पुढं झोकांडला, मागं आला, पुन्हा पुढं. खालून भोंगा ओरडला, “गभराशो नहीं! पावर गयो छे! हमणां आवशे!” आता तुम्हाला सांगतो, ‘घाबरू नका’ एवढं भीतीचं दुसरं वाक्य नाही. मागच्या डब्यात बायकांनी देवीचा जयजयकार सुरू केला, पुढच्या डब्यात एक गृहस्थ काचेवर असे थापा मारायला लागले जणू पलीकडे शेजारी राहतो! आणि मंगलाबाई? तो आवाज? गेला! पार बसला! डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी मुलाचं मनगट धरून, “योगेंद्र, खाली बघू नको रे, खाली बघू नको,” आणि तो म्हणतोय, “आई, मी नाही बघत, तू हात सोड, मुंग्या आल्यात.”

आणि धुडकूभाऊला काय वाटलं सांगू? बरं वाटलं! अहो, खरंच! मशीन नाही, बॉयलर नाही, कुणाचा भोंगा नाही... म्हणजे होता, पण लांब. वारा सुटलेला आणि डबा हळूहळू हलतोय, पाळण्यासारखा. किती वर्षांनी अशी शांतता कानांत शिरली! त्यानं मान काचेला टेकवली. आता येणार, आता येणार, आलीच...

टक्!

मंगलाबाईंचा पाय! घाबरलेलं माणूस गप्प बसू शकत नाही, आणि त्या तर आधीच मंगलाबाई. डोळे मिटलेलेच, पण तोंड उघडलं. “वर पोचू की नाही काय माहीत. बोलणी इथंच उरकू! धुडकूभाऊ, मुलगी पसंत आहे. हुंडा आम्हाला नको, मानपान नको. एकच अट. ते नर्सिंगचं सोडायचं. घरात सून पाहिजे, दवाखान्यात नको. आजच्या आज सोडायचं. मंजूर?”

सरलावहिनी पटकन म्हणाली, “मंजूर, मंजूर!” इतकं चांगलं स्थळ, त्यात असं अधांतरी! तिनं पोरीच्या मागून हात घालून नवऱ्याला ढोसलं. “सांगा ना!”

धुडकूभाऊनं तोंड उघडलं. ‘हो’ अगदी ओठांवर होता. आयुष्यभराची सवय! पण बघा, ‘हो’ म्हणायचं ते सुटायला, घरी जाऊन पडायला. आणि इथं सुटून जाणार कुठं? दाराला बाहेरून कडी! ‘हो’ म्हणा, ‘नाही’ म्हणा, बसायचं इथंच! पहिल्यांदाच त्या ‘हो’चा काही उपयोग नव्हता. म्हणून त्यानं मान वळवून पोरीकडे पाहिलं. नीट पाहिलं. पोरगी रडत नव्हती. काही मागतही नव्हती. बापाकडे बघतसुद्धा नव्हती, कारण बाप काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं. हेच त्याला लागलं हो. तिनं विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतं!

“नाही,” धुडकूभाऊ म्हणाला.

मंगलाबाईंनी एक डोळा उघडला. सरलावहिनी घाईघाईनं म्हणाली, “झोपेत बोलतात ते! डबल पाळी झाली ना, मनावर घेऊ नका!”

“जागा आहे मी. नाही सोडणार ती.”

“का?” मंगलाबाई म्हणाल्या. आला! आलाच तो ‘का’! ज्याला इतकी वर्षं चुकवलं तो समोर दत्त!

धुडकूभाऊनं नखांकडे बघितलं. मग म्हणाला, “आमच्या घरात कुणाला कुणी विचारलं नाही बाई, की तुला काय व्हायचंय. मला काकानं गाडीत बसवलं, सुरतेला उतरवलं, मशीनपुढं उभं केलं. मी उभा राहिलो. हिला शाळेत बाईंनी विचारलं, आणि हिनं लगेच सांगितलं, नर्स. त्या दिवशी घरी येऊन मला सांगत होती, मी झोपेत होतो, पण ऐकलं. आता तुम्ही म्हणता सोड. ते मी हो म्हणू शकत नाही. बाकी सगळ्याला हो.”

अहो, इतकं सलग तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता! सुषमा त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू डब्यात दुसराच माणूस बसलाय. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, “आई, मलाही वाटतं, तिनं सोडू नये.” योगेंद्र! तो बोलला!

“तू पण?” मंगलाबाई कळवळल्या. “अरे, तारेवर लटकवून ठरवता का रे सगळे माझ्याविरुद्ध?”

खटकन लाइट आली, डबा हिसका देऊन निघाला, आणि मंगलाबाईंच्या तोंडून जे निघालं ते देवीच्या डोंगराच्या गोष्टीत मी सांगणार नाही.

वर दर्शन झालं, पण सुपारी पिशवीतच राहिली. सरलावहिनी नवऱ्याकडे अशी बघत होती की ते बघणं मी माझ्या वैऱ्याला देणार नाही. परतायची वेळ झाली तर मंगलाबाई डब्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी यात पाय ठेवणार नाही.” मुलानं समजावलं, रोपवेच्या माणसानं समजावलं, “बा, कंई नहीं थाय!” छे! आणि पायऱ्या उतरायच्या तर गुडघे! मग? धुडकूभाऊ पुढं झाला. पाय दुखत होते, डोळ्यांत वाळू. “तुम्ही तिघं जा डब्यातून. मी बाईंना पायऱ्यांनी आणतो. बसत बसत येऊ.”

तर ही जोडी निघाली! एकीचे गुडघे दुखतात, एकाचे डोळे मिटतात. चार पायऱ्या उतरायच्या की बसायचं. मग एका वळणावर, पिंपळाखाली टेकल्यावर, मंगलाबाई हळूच म्हणाल्या, “धुडकूभाऊ, मी वाईट नाही हो. मालक गेल्यापासून घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. योगेंद्र कामावर गेला की दिवसभर भिंतीशी बोलते. वाटलं, सून येईल, घरात राहील, दुपारी चहाला कुणीतरी असेल. तीही गेली दवाखान्यात, तर मी पुन्हा भिंतीशीच का?” असं बरंच बोलल्या. मन मोकळं केलं. डोळे पुसले. आणि उत्तराची वाट बघत शेजारी वळल्या, तर...

झोपला होता! बसल्या बसल्या, नारळाची पिशवी छातीशी धरून, तोंड उघडं!

आता हे ऐकताना मला वाटलं होतं, या पाय हाणणार. पण नाही. त्या बघतच राहिल्या. त्यांचे मालकही लूमवरचे होते. रात्रपाळी करून असेच बसल्या बसल्या झोपायचे, आणि या त्यांना उठवायच्या, पाहुणे आलेत उठा, बाजाराला जायचंय उठा. मंगलाबाईंनी पदर पसरला आणि त्याच्या तोंडावर येणारं ऊन अडवून बसल्या. वरून माणसं यायची, ढोल यायचा, आणि तो आवाज, लूमवर ऐकू जाणारा आवाज, तोंडावर बोट ठेवून कुजबुजायचा, “हळू! माझे व्याही झोपलेत!”

व्याही! ऐकलंत?

खाली ही मंडळी काळजीनं अर्धी झालेली. ऊन कलल्यावर दोघं पोचली. मंगलाबाई सुषमापुढं उभ्या राहिल्या. “पूर्ण कर तुझं शिक्षण. पण पोरी, ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी दुपारचा चहा माझ्याबरोबर. मंजूर?” सुषमा म्हणाली, “मंजूर. आणि भिंतीला घोटभरही नाही देणार.” कारण मंगलाबाईंनी पिंपळाखाली ‘हळूच’ सांगितलेलं पायऱ्यांवरच्या निम्म्या लोकांना ऐकू गेलं होतं, ते उतरून सगळ्यांना सांगून मोकळे झालेले! सुपारी तिथंच फुटली, मॅटाडोरच्या बॉनेटवर.

लग्न झालं, सुषमा नर्स झाली, सगळं छान. पण तुम्हाला सांगतो, मंगलाबाईंच्या त्या आवाजाचं करायचं काय? त्यांनी उधन्यापासून पार चलथाणपर्यंत सगळ्या खानदेशी घरांत सांगून ठेवलं, “माणूस पाहावा तर माझे व्याही! तारेवर लटकले तरी ‘नाही’ म्हणजे नाही!” झालं! आता कुणाच्याही घरी सोयरिकीची बोलणी असली, समोरच्याची अट जड वाटली, की सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी धुडकूभाऊच्या दाराशी मंडळी हजर. “भाऊ, चला! पलीकडच्यांना ‘नाही’ म्हणायचंय, आमच्यात कुणाला जमत नाही!”

आणि धुडकूभाऊ अंथरुणातून उठतो, चप्पल शोधतो, आणि काय म्हणणार बिचारा?

“हो.”