संत्र्याच्या सालीचा लेप

तुम्हाला सांगते, नव्या लेपाचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. ताईला चार वाजता पाहुणे बघायला येणार होते, म्हणून आम्ही सक्करदऱ्याच्या पार्लरवाल्या काकूंकडे गेलो. काकूंनी संत्र्याची साल घरच्याच पाट्यावर वाटली. पाट्याला भिवापुरी मिरची लागलेली मला दिसली, पण मी तोंड उघडेपर्यंत लेप ताईच्या गालांवर होता.

"काकू, आग होऊन राहिली!"

"नवीन हाय ना वं, असर करून राहिलं. हलू नको!"

चार वाजता ताईचे गाल लालभडक, डोळ्यांत पाणी. मुलाची आई म्हणाली, "पोरगी किती लाजून राहिली! आमाले पसंत हाय."

दुसऱ्या दिवशी मी धीर करून काकूंना मिरचीचं सांगितलं. तेव्हापासून त्या पाटा धुतच नाहीत.