हैबतीच्या घळीतला हाकारा

ऐका. जरा जवळ सरा, वाऱ्यानं माजा आवाज तिकडं पोचत न्हाई. त्या शेकोटीत येक लाकूड सारा. आन् त्यो टार्च बंद करा, उगं जाळू नगा. डुकरं काय आत्ता येत न्हाईत. नाचनी राखायची म्हंजी रातभर बसायचंच हाय. मंग बसल्या बसल्या ऐका.

ही ऐकीव गोष्ट न्हाई. ह्यातला येक मानूस माज्या चुलत्याचा ल्योक, बयाजी. आन् दुसरा मीच.

ह्या डोंगरात तवा शिकारीला कायदा आड येत नव्हता. होळी झाली की आमचं गाव शिकारीला निघायचं. वीस-पंचवीस मानसं, दोन-तीन बंदुका, बाकी समदी काठ्या आन् पत्र्याचे डबे घेऊन. रावजी आमचा म्होरक्या. त्यो सांगंल तिथं बंदूकवाल्यानं वाट धरून बसायचं. बाकीच्यांनी खालच्या अंगानं डबे वाजवत, आरडत वर यायचं. ह्यो हाकारा. हाकाऱ्याच्या पुढं जनावर पळतं आन् बंदुकीच्या तोंडाला येतं. रावजीचा नियम येकच. त्यो शीळ घालीपत्तुर जागा सोडायची न्हाई. वर डुकराचं मुंडकं तेवढं बार टाकनाऱ्याचं, बाकी वाटा समद्यांना सारखा. डबा वाजवनाऱ्याला तेवढाच.

बयाजीचा हात म्हंजी हात हुता! पळत्या डुकराच्या कानामागं बार घालायचा. पन त्येच हातानं त्येचं डोकं फिरवलं. त्येला वाटायचं, ही समदी नुसती बोंबलत्यात, आन् मटन माज्या बारावर खात्यात.

त्या साली काय झालं, बयाजीचा बार डुकराला लागला, पन नीट लागला न्हाई. डुक्कर जखमी होऊन खाली वळलं. हा गडी थांबला न्हाई. रावजीची शीळ न्हाई, काय न्हाई, जागा सोडली आन् त्येच्या मागं पळाला. डुक्कर बिथरलं. समोर आला धोंडू. माजा जोडीदार धोंडू, डबा वाजवत येत हुता बिचारा. डुकरानं त्येची मांडी अशी फाडली, अशी! हाड दिसत हुतं. घोंगड्याची झोळी करून आनला त्येला घरला. जगला, पन पाय गेला.

रावजी देवळापुढं समद्यांच्या देखत म्हनला, "बयाजी, औंदा बंदूक ठेव खाली. डबा घे."

बयाजी लाल झाला. "डबा तुज्या ल्योकाला दे! गाव माज्या बारावर मटन खातं. आता मी येकटा जाईन आन् येकटा खाईन."

"जा," रावजी म्हनला. "अडवतो कोन?"

कुनीच अडवलं न्हाई. मीबी न्हाई. धोंडूची मांडी डोळ्यांपुढं हुती माज्या.

तिसऱ्या दिशी दिवस मावळायला बयाजी ठासनीची बंदूक घेऊन निघाला. त्येची बायको पारू वैनी दारात आली. "ह्या येळंला कुठं निघालासा? संगं कोन हाय?"

"कुनी न्हाई."

"निदान कुठल्या रानात ते तरी सांगा."

त्येनं मागं बघितलंबी न्हाई. आन् तीच चूक. मानसानं रानात जाताना भाकर इसरावी, पन कुठं जातोय ते सांगायचं इसरू नये.

ग्येला कुठं? हैबतीच्या घळीत! आमी दिवसाबी ती वाट टाळायचो. हैबती म्हंजी माज्या आज्याच्या आधीचा शिकारी. त्योबी येकटाच जायचा. येकदा घळीत पाय मोडून पडला. तीन दिवस हाका मारत हुता म्हनं. आला न्हाई कुनी, कारन ठाऊकच न्हाई कुनाला. नंतर हाडं गावली. तवापास्नं त्या घळीत हाका येत्यात. बयाजीला हे ठाऊक नव्हतं व्हय? चांगलं ठाऊक हुतं. पन रुसलेल्या मानसाला भुताचं भ्या वाटत न्हाई. गावाचंच वाटतं.

घळीच्या तोंडाला पानवठा हाय. वर मोठा धोंडा. त्या धोंड्याच्या आडोशाला बयाजी बसला. पुढचं त्येनंच मला सांगितलंय, आन् येकदाच.

चांदनं पातळ हुतं. घटका गेली, दोन घटका गेल्या. पानवठ्यावर काय येईना. मंग बाजूच्या झाडामागनं कुनीतरी खाकरलं. बयाजीनं मान वळवली. कुनी न्हाई.

"बयाजी, इडी हाय का रं?"

आवाज धोंडूचा! अगदी धोंडूचा. बयाजीचा हात खिशाकडं गेला, बगा. सवय! शिकारीत धोंडू नेहमी त्येच्याकडं इडी मागायचा. हात खिशात गेला आन् मंग डोक्यात उजेड पडला. आरं, धोंडू तर घरात खाटंवर हाय! त्येला उठायचं बळ न्हाई, तो हितं कसा ईल?

हात खिशातनं काढला. मनाशी म्हनला, भास झाला. बारका आवाज मोठा वाटतो रातीचा.

आन् मंग खाली दरीत हाकारा उठला.

"हो हो हो हो! हाऽऽ रं हाऽऽ!" डबे वाजायला लागले. येक डबा, दोन, धा! रावजीचा आवाज. माजा आवाज. वीस-पंचवीस मानसं रान हाकत वर येत्यात. सांगा मला, रातचा हाकारा कुनी कवा ऐकलाय? कुनीबी रातीचं रान हाकत न्हाई. बयाजीला हे कळत हुतं. पन त्येनं सांगितलं मला, "भाऊ, तो आवाज ऐकला आन् माजं काळीज भरून आलं. वाटलं, रावजीनं राग सोडला. समदी माज्यासाठनं आली. मी येकटा पडलो न्हाई." येवढं बोलून गडी रडला हुता.

म्हनून त्यो बसून राहिला. पळायचं सोडून बसून राहिला! हाकारा जवळ आला. झुडपं हालली. काळं, हे येवढं जनावर पानवठ्यावर आलं. बयाजीनं बार टाकला. ठो! जनावर जागेवर पडलं. त्यो धावत ग्येला, वाकला, हात लावला.

जनावर न्हाई. घोंगडं! गार, वल्लं घोंगडं. खाली काय न्हाई.

आन् हाकारा थांबला. डबे थांबले. येकदम गप. रातकिडाबी बोलंना. मंग रावजीच्या आवाजात कुनीतरी दरीतनं इचारलं, "काय उठलंय रं?"

आन् माज्या आवाजात उत्तर आलं. माज्या आवाजात, ऐका! "डुक्कर न्हाई! बयाजी उठलाय! हाना, वर काढा!"

पुन्हा डबे! आता तिन्ही बाजूंनी! बयाजी पळाला. बंदूक हातात, पन मोकळी, बार गेलेला. काट्यांनी अंग सोललं, येक वहान निसटली. डावीकडं वळला, तिकडं डबा वाजला. उजवीकडं वळला, तिकडं हाक उठली. येकच वाट मोकळी, सरळ वर, घळीच्या अरुंद तोंडाकडं. पळतोय, पळतोय. आन् पळता पळता त्येनं पुढं बघितलं.

ज्या धोंड्याआड त्यो सांजंला बसला हुता, त्या धोंड्याआड इडीचं लाल टोक दिसत हुतं.

कुनीतरी वाट धरून बसलं हुतं. त्येचीच वाट!

बयाजी थबकला. पन शिकारी हुता गडी. उभ्या जन्मात त्येनं जनावरं हाकाऱ्यापुढं पळताना बघितली हुती. शंभरातली नव्वद सरळ पळत्यात आन् मरत्यात. पन म्हातारं, मुरल्यालं डुक्कर काय करतं? त्ये बंदुकीकडं जात न्हाई. माघारी फिरतं आन् आरडनाऱ्यांच्या रांगंतनं आरपार निघून जातं. बयाजी फिरला. मान खाली घातली, डोळे मिटले आन् आवाजाच्या अंगावरच धावला. डबे कानाशी आले. रावजी कानात आरडला. धोंडू आरडला. मी आरडलो. गार वारं अंगातनं गेलं. आन् पलीकडं काय न्हाई! नुसतं रान. हाकारा मागं राहिला आन् तसाच वर निघून गेला.

तिथं करवंदीची मोठी जाळी हुती. तिच्या पोटात शिरून बसला. बंदूक दारूनं ठासली, वर ठिनगीची केप चढवली. आन् ठरवलं, आता कुनाचाबी आवाज आला तरी बोलायचं न्हाई. जवळ आला तर बार घालायचा.

आता आमचं ऐका.

पहाटं पारू वैनी रावजीच्या दारात आली. रात सरली, मानूस आला न्हाई. रावजीनं येक अक्षर मागचं काढलं न्हाई. त्येनं काठी घेतली. आमी सात जनं निघालो. कुठं शोधायचं? ती म्हनली, "त्यांनी काय सांगितलं न्हाई." मंग आमी आधी पांढरीचं रान बघितलं, मंग कड्याखालचं, मंग वड्याचं. हाका मारून मारून घसा बसला. दिवस डोक्यावर आला, पोटात अन्न न्हाई. शेवटी राहिली हैबतीची घळ. दोघं म्हनले, तिकडं नगं. मीबी म्हनलो, नगं. खोटं कशाला सांगू? मी म्हनलो, "रावजी, ज्यानं धोंडूचा पाय घेतला त्येच्यापायी आपुन सात जनांनी त्या घळीत मरायचं का?"

रावजी नुसता म्हनला, "येक डाव बघू. मंग माघारी."

घळीत शिरलो. "बयाजी! ए बयाजी!" हाका मारत मी जाळीच्या दिशेनं आलो. जाळीत बयाजी बसलाय, मला ठाव न्हाई. त्येला माजा आवाज ऐकू आला. रातीला ज्या आवाजानं त्येला हाकला, त्योच आवाज! त्येनं बंदूक उचलली. नळी माज्या छातीवर. त्येनं मला पुढं सांगितलं, "तुजी वरची गुंडी दिसत हुती. तिच्यावर नेम धरला हुता." घोडा मागं वढला. बोट चापावर.

आन् तवाच माजे पाय संपले.

खरंच संपले. मी हाका मारायच्या बंद केल्या, जाळीपुढच्या दगडावर बसकन मारली. धापा लागल्या हुत्या. पायात काटा मोडला हुता, त्यो काढायला लागलो. आन् बडबडलो, "आयला ह्या बयाजीच्या! मेला असंल तर मेला. मला आता चालवत न्हाई. दोन घोट पानी मिळालं तर बरं हुईल."

जाळीतनं हुंदका आला.

मी दचकून उठलो. जाळी हालली. आधी बंदूक भाईर पडली, मंग बयाजी. अंगावर कापडाची चिंधी, तोंड रक्तानं भरल्यालं. त्येनं माजे दोन्ही पाय मिठीत धरले आन् नुसता म्हनत हुता, "तू दमलायस. तू दमलायस रं. त्यातलं कुनीबी दमत नव्हतं!"

मला तवा कळलं न्हाई. मागनं कळलं. येवढा हाकारा झाला, पन येकालाबी धाप न्हाई, येकजन दम खायला टेकला न्हाई, कुनाच्या पायात काटा मोडला न्हाई. भूत तुमचा आवाज काढतं, नाव घेतं, इडी मागतं. पन भूत दमत न्हाई. तुमच्यासाठनं पायपीट करून दमतो त्यो जित्ता मानूस.

बयाजीला तिघांनी धरून आनला. त्येनं घरी जायच्या आधी धोंडूचं दार गाठलं. दोघं आत काय बोलले मला म्हाईत न्हाई. धोंडूच्या वावराला मातूर पुढं अकरा वर्सं बयाजीनंच नांगर धरला. बंदूक रावजीकडं टाकली, परत इचारली न्हाई. शिकारीच्या दिसात त्यो घराचं दार लावून बसायचा. लांबनं हाक मारली तर ओ द्यायचा न्हाई. आपुन जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, मंग त्यो बघायचा. पारू वैनीनंबी कवा लांबनं हाक मारली न्हाई त्येला.

आता तुमी म्हनशीला, बरं झालं, तू त्येला वाचवलास. गावबी तसंच म्हनतं. पन त्या दगडावर बसलो तवा माज्या मनात काय हुतं, सांगू? काटा निघाला की मी माघारी फिरनार हुतो. रावजीला सांगनार हुतो, जाळी बघितली, कुनी न्हाई. बयाजीला मी हे कवाच सांगितलं न्हाई. त्यो मला देव मानून मेला.

तर ऐका. पानवठ्याच्या वरनं जी वाट घळीत उतरती, ती धरू नगा. चौघं असा न्हाईतर धा असा. त्या घळीत आजून कुनीतरी साथीदार हुडकतंय, आन् त्येला तुमची नावं पाठ व्हायला येळ लागत न्हाई.